सिस्टरबाईंची पहिली नजर दोरीवर

अशी जवळ ये गं सुनीता, माझं पत्र लांबून वाचू नकोस. पोरीला पंधरा दिवस खाली खाज सुटलीय आणि तू मावशीला आज कळवतेस? तेही कसं, तर "तिकडे जरा त्रास आहे." तिकडे म्हणजे कुठे, देवासला? आमच्या सिस्टरबाई असत्या तर तुझा कानच धरला असता.

आमच्या गावातल्या फ्रीगंज भागात एका दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. कोणाच्याही घरी आल्या की आधी देवाला नाही, माणसांना नाही, थेट मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीकडे. आपल्या घरांची रीत तुला ठाऊक आहेच, आतले कपडे साडीखाली लपवून वाळत घालायचे. बाई साडी उचलायच्या, खालची पोरीबाळींची चड्डी दोन बोटांनी चाचपायच्या आणि शेजारी ऐकू जाईल अशा ओरडायच्या, "ओलीच आहे! उन्हात टाका हिला. सूर्यनारायण लाजत नाहीत, तुम्ही कशाला लाजता?" आमचे हे तेवढ्यात पेपर घेऊन आत पळायचे. मोहल्ल्यात नावच पडलं होतं, चड्डीवाली सिस्टर. त्यांच्या कानावर होतं ते. म्हणायच्या, "बोलने दो. माझं नाव निघालं की चड्डी तरी आठवते ना!"

आता माझा पराक्रम ऐक. आमची चिंगी, माझी नात, तेव्हा सहा वर्षांची. सारखी खाजवायची, लघवीला बसली की रडायची. माझं डोकं एकच, खाज म्हणजे घाण. रोज साबणाने खसाखसा धुवायची, वर अंघोळीच्या पाण्यात झाकणभर जंतुनाशक. खाज वाढली की माझं घासणं वाढायचं. भरीला भर, भैरवगढहून छापाच्या कापडाचे तुकडे आणलेले, त्यांच्या मी झालरी लावून चार चड्ड्या शिवल्या. कोऱ्या कापडाच्या, एकदाही न धुता! आणि एकदा पाहुण्यांसमोर खाजवलं म्हणून पोरीच्या हातावर फटका दिला.

त्या दिवसापासून चिंगी गप्पच झाली. शाळेत लघवीला जायला नको म्हणून पाणी पिईना. सूनबाई घाबरली आणि सिस्टरबाईंना घेऊन आली.

बाईंनी दोरीवरची झालरवाली उचलली. "काकी, ही चड्डी आहे का पलंगपोस?"

"अहो, हाताची छपाई आहे!"

"दिसतंय. अर्धी छपाई नातीच्या अंगावर उतरलीय."

मग मोरीत जाऊन जंतुनाशकाची बाटली हुंगली. "याने मी दवाखान्यात कात्र्या धुते. पोरगी आहे ती, कात्री नाही." मी तोंड उघडलं तर म्हणाल्या, "चूप बैठो काकी, अभी मैं बोल रही हूँ."

आणि मग मात्र अगदी सावकाश समजावलं. लहान मुलींची तिथली कातडी फार नाजूक असते. साबण, फेस, घट्ट लेगिंग, ओले कपडे, यानेच ती लाल होते. नुसतं साधं पाणी पुरतं. मग मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. सुती सैल चड्डी घालायची, झोपताना तीसुद्धा नको. नदीवर रामघाटाला डुबकी मारली की ओल्या फ्रॉकात जिलबी खात हिंडायचं नाही. शी झाल्यावर पुढून मागे धुवायचं, हे तर त्यांनी चिंगीच्या बाहुलीवर करून दाखवलं. बाहुली बिचारी तीनदा धुतली गेली! "आणि घरातली जुनीपानी ट्यूब लावू नका. उद्याच डॉक्टरीणबाईंना दाखवा. कधी जंत असतात, कधी संसर्ग, ते त्या बघतील. वास आला, अंगावरून पाणी जायला लागलं, रक्त दिसलं, ताप आला, तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही."

उठता उठता माझ्याकडे वळल्या. "औषध नंतर. आधी हिची माफी मागा."

"मी? सहा वर्षांच्या पोरीची?"

"मारताना वय विचारलं होतं?"

सूनबाई पदराआड हसत होती, मेली. मी खाली बसले, चिंगीचा तो हात हातात घेतला आणि म्हटलं, "चुकले गं बाई." पोर हळूच म्हणाली, "आजी, आग होते." आठ दिवसांत पहिल्यांदा तिने स्वतःहून सांगितलं. बाई लगेच तिच्यासाठी पाण्याचा पेला भरून घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना दाखवलं आणि आठवड्याभरात चिंगी उड्या मारायला लागली. नोकरी संपल्यावर बाई भावाकडे रतलामला गेल्या. देवास गेटच्या बसस्टँडवर त्यांना बसमध्ये बसवायला मी गेले होते. रडले मीच. त्या खिडकीतून म्हणाल्या, "मोहल्ल्यात लाजणारी एक बाई मी कमी केली, बस हो गया मेरा काम." गेल्या वर्षी त्या वारल्याचा निरोप आला. चिंगी आता कॉलेजात आहे.

तेव्हा सुनीता, पोरीला उद्याच डॉक्टरांना दाखव, त्यासाठी माझी वाट बघू नकोस. बरं वाटलं की मात्र तिला घेऊन लवकर ये. चार दिवस राहा. तिला सांग, मावशीआजीकडे कुठल्याही दुखण्याचं नाव मोठ्याने घेतलं तरी कोणी ओरडत नाही.