वगळलेला तांडा

"ह्या एका तांड्यानं माझा सगळा डेटा बाटवला," सर पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले. यवतमाळच्या त्या हॉलमध्ये सगळे हसले. मी शेवटच्या रांगेत होते. बोरी अरबजवळचा तो तांडा माझा. तिथली पाहणीही मीच केलेली.

सरांचा अभ्यास पिण्याच्या पाण्याचा होता. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक तांड्यातल्या अर्ध्या घरांना फिल्टर दिले, अर्ध्यांना नाही. मग कुठली मुलं जास्त आजारी पडतात, ते पाहायचं. चिठ्ठी कुणाची बाजू घेत नाही, म्हणून दिसलेला फरक फिल्टरचाच. ही पद्धत मी एम.ए.ला शिकले. ती खरी आहे.

काकीला फिल्टर मिळाला. समोर राहणाऱ्या माझ्या भावाला नाही; त्याच्या घरी लहान मुलगी. पण आमच्याकडे बोकड कापला तरी वाटा घरोघरी जातो. काकी रोज सकाळी एक घागर भावाच्या दारात ठेवायची.

हे कळल्यावर सरांनी मला बोलावलं. "तुमचेच लोक ना? पाणी देऊ नका म्हणून समजावा. दोन्ही घरं तेच पाणी प्यायली तर फरक दिसणार कसा?"

मी नाही समजावलं. मग सुपरवायझर गेला. पाणी वाटलं तर फिल्टर परत नेऊ, म्हणाला.

"मशीन माह्या घरी हाये, म्हणून त्या पोरीनं नाल्याचं प्यावं का?" काकीनं विचारलं. तो गाडीवर बसून निघून गेला. घागर बंद झाली.

पावसाळ्यात भावाची मुलगी हगवणीनं गेली. नुकती चालायला लागली होती. भावानं मला एवढंच विचारलं, "बाई, आमची चिठ्ठी काहून नाही निघाली?"

ती त्या पाण्यानंच गेली का? मला सांगता येत नाही. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. हेही मी शिकलेय.

हॉलमध्ये सर पुढे सरकले होते. "पुढच्या वेळी घराघरांत नको, तांड्यातांड्यांत चिठ्ठ्या टाकू. आणि ह्या वेळच्या आकड्यांतून हा तांडा वगळा."

मी उभी राहिले. "सर, त्यात माझी भाची आहे."

"वैयक्तिक गोष्टी मध्ये आणू नका. बसा."

मी बसले नाही. पाहणीचा टॅब त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले.

पद्धत मी सोडणार नाही. चिठ्ठ्या मीही टाकीन. पण ज्या अभ्यासासाठी शेजारणीची घागर अडवावी लागते, तो मी करणार नाही, आमच्या तांड्यात कुणाला करूही देणार नाही. आणि माझ्या आकड्यांतून मेलेलं मूल वगळलं जाणार नाही.