जिताडा हवा होता, जेलीफिश आले

पनवेलला गाडीतून उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि मी घामाने निथळत होते. आमच्या लातूरचा उन्हाळा भाजतो, इथला उकडतो. सारिकाच्या हळदीला आले होते. ही पोरगी लातूरच्या दवाखान्यात नर्स होती, तेव्हा माझ्या माडीवरच्या खोलीत राहायची. भाडेकरू म्हणून आली आणि घरचीच होऊन बसली.

तिचे वडील, हसुराम, रिक्षा घेऊन न्यायला आले होते. टॉवर मागे पडले, खारफुटी लागली आणि रिक्षा घराकडे न वळता थेट खाडीवर जाऊन थांबली. होडीपाशी सारिकाची आई, गुलाबताई, पदर खोचून उभी. लेकीची हळद आणि बाई चिखलात! मला काही सुधरेना.

"नवऱ्याकडच्या बाया उष्टी हळद घेऊन दुपारी येतील," ती म्हणाली. "विहिणीच्या पानात जिताडा (खाडीतला मानाचा मासा) पायजे. तो पन आमच्याच डोलीचा. आमच्या घरची रीत हाय."

डोल म्हणजे वाहत्या पाण्यात तोंड उघडं ठेवून बांधलेलं पिशवीसारखं जाळं.

"आणि नाही मिळाला तर?"

"पयल्याच दिवशी पान उनं पडलं, तर लेकीला जन्मभर ऐकावं लागंल. ते मी होऊ देनार नाय."

मला पोहता येत नाही. पण इतक्या लांबून येऊन काठावर बसून राहण्यातली मी नव्हे. चढले होडीत, दोन्ही हातांनी कड धरून बसले. लातूरच्या बाईला एवढं पाणी एकदम दिसलं की ते पिण्याचं नाही याचंच आधी वाईट वाटतं.

हसुरामांनी डोलीचा दोर ओढला, तो हलेना. दोघांनी मिळून ओढला तरी जड. ते वजन हाताला लागलं आणि गुलाबताईचा चेहरा फुलला. डोल अजून पाण्यात, आणि हिने फोन काढून घरी कळवलंसुद्धा. "मसाला वाटायला घ्या. विहीनबायला पन सांगा, जिताडा हाय."

डोल वर आली. आत जेलीफिश. नुसते जेलीफिश. ताटाएवढी पांढुरकी छत्री आणि तिच्याखाली लोंबणारी दोऱ्यांसारखी शुंडकं. होडीशेजारी एक मोकळा तरंगत होता, उघडत मिटत, शुंडकं मागे सोडत. खरं सांगते, फार देखणा होता. अशा वेळी ते बोलायची सोय नव्हती.

"उलटी करू डोल," हसुराम हळूच म्हणाले. "बाजारातनं आनू. कोनाला कलतंय?"

"मला कलंल ना."

तिने हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि एकेक जेलीफिश उचलून पाण्यात टाकू लागली. डोल उलटी केली असती तर खालचं म्हावरं (मासळी) पण गेलं असतं. शुंडकं तुटून जाळ्याच्या गाठींत अडकत होती आणि तुटली तरी डसत होती. पिशव्या केव्हाच फाटल्या. बाई हूं की चूं करेना.

मीही बाह्या वर केल्या. दुसराच जेलीफिश धरला आणि मनगटावर तापल्या सळईने रेघ ओढावी तसं झालं. आई गं म्हणून असं किंचाळले की होडी डुगडुगली. हसुरामांनी माझा हात खाडीच्या पाण्यात बुडवला आणि शुंडकाचा तुकडा सुरीच्या पाठीने काढला.

"ताई, तुमी बसा आता."

"बसते कसली," म्हटलं आणि पुन्हा जाळ्याला हात घातला.

मूठभर कोलंबी निघाली. दोन चिंबोऱ्या (खेकडे) निघाल्या. ऊन डोक्यावर आलं. आणि डोलीच्या अगदी टोकाशी, त्या सगळ्या लिबलिबीत ढिगाखाली, एक जिताडा. लहानसाच. पंगतीला पुरणारा नव्हता, एका पानापुरता होता. गुलाबताई त्याच्याकडे बघत नुसती बसून राहिली.

दुपारी नवऱ्याकडच्या बाया आल्या. विहीणबाई उंचपुऱ्या, करड्या आवाजाच्या. मला तर धडकीच भरली. विहिणीचं पान मुलीच्या आईनेच वाढायचं. गुलाबताईने हात पदराखाली दडवले होते, ते बाहेर काढावेच लागले. बोटं सुजून मिटत नव्हती. पळी धरली ती निसटून खाली पडली. रस्सा जमिनीवर सांडला.

विहीणबाईंनी ते हात धरून पालथे केले. कोपरापर्यंत लाल वळ.

"डोलीत जेलीफिश होते?" त्यांनी विचारलं. त्याही खाडीकाठच्याच.

"थोडे होते."

विहीणबाईंनी जिताड्याची तुकडी स्वतःच वाढून घेतली, काटे काढले, भातात कालवली आणि पहिला घास गुलाबताईच्या तोंडापुढे धरला. "पयला तुमी खा."

सकाळपासून एकदाही हाय न म्हटलेली ती बाई घास तोंडात घेऊन हमसून हमसून रडली. मीही रडले, लपवत कशाला बसू.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि मी परतीची गाडी धरली. मनगटावरचा वळ अजून चुरचुरतोय. लातूरचे लोक विचारतील, काय पाहिलं पनवेलला? सांगेन, जेलीफिश पाहिले. लातूरहून निघताना माझ्या मनात एकच घोर होता, आपली सारिका परक्या घरी कशी नांदेल. गाडीत डोकं टेकलं आणि लक्षात आलं की तो घोर आता कुठेच नाही. मग मी लातूर येईपर्यंत गाढ झोपले.