टकटक

सकाळपासून सातव्यांदा माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं, तेव्हा मी पाण्याचा ग्लास उचलला आणि त्यामागे तोंड लपवलं.

"चूक म्हणजे शिकण्यानं दारावर मारलेली टकटक," समोरचा उमेदवार हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाला. 'टकटक' म्हणताना त्यानं हवेत दोनदा बोटं वाजवली. ती बोटंसुद्धा माझीच. म्हणजे मीच शिकवलेली.

अमरावतीतल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही बसलो होतो. एका शिक्षण संस्थेची दोन वर्षांची टीचिंग फेलोशिप असते. निवड झालेल्यांना ग्रामीण शाळेत शिकवायला मिळतं आणि अनुभवी माणसं त्यांच्या वर्गात बसून त्यांना घडवतात. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. मी अकोल्याच्या अध्यापक विद्यालयातून निवृत्त झालेला मास्तर. पॅनलवरचे एक जण ऐनवेळी आजारी पडले आणि आदल्या दिवशी समन्वयक अनिकेतचा मला फोन आला. हा तरुण स्वतः याच फेलोशिपमधून गेलेला.

मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं, "बाबा, मी अकोल्यात याच मुलाखतीचा मार्गदर्शन वर्ग घेतो. माझी पोरं येतील तिथं."

"किती?"

"नऊ."

"त्यांना गुण देऊ नका सर. पण या. आम्हाला विद्यार्थी पाहिजे."

त्याचा अर्थ मला तिथं गेल्यावर कळला. या मुलाखतीत प्रश्नोत्तरांच्या आधी डेमो असतो. उमेदवारानं आठ मिनिटं शिकवायचं आणि पॅनलनं पाचवीतली मुलं व्हायचं. अनिकेत झाला सारखा खिडकीबाहेर बघणारा मुलगा. पुण्याहून आलेल्या अध्यक्ष करंदीकर मॅडम झाल्या हुशार मुलगी. वाट्याला उरला तो ढ मुलगा, तो मी. मला ठरलेली चूक करायची होती. एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती, असं विचारलं की मी सांगायचं, "दोन छेद पाच." वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. पाचवीतली निम्मी मुलं हेच करतात.

उमेदवार त्या चुकीचं काय करतो, हे बघायचं होतं. बाकी सगळी सजावट.

आणि माझी नऊच्या नऊ पोरं त्या चुकीवर येऊन माझं वाक्य म्हणत होती. "छान प्रयत्न केलास बाळा. चूक म्हणजे..." टकटक झाली की बाळाला तिथंच सोडून फळ्यावर बरोबर रीत लिहायची. टकटक ऐकून दार मात्र कोणीच उघडत नव्हतं.

सातव्यानंतर करंदीकर मॅडमनी मला विचारलं, "हे वाक्य कुठल्या पुस्तकातलं आहे हो?"

"नाही मॅडम. आमच्या भागातलं आहे," मी म्हणालो.

प्रश्नोत्तरांतही तेच. 'शिक्षक का व्हावंसं वाटलं?' हा प्रश्न हमखास येतो. त्यासाठी मी पोरांना सांगितलं होतं, आयुष्य बदलून टाकणाऱ्या एका शिक्षकाची गोष्ट तयार ठेवा. मासला म्हणून एक गोष्ट मीच लिहून दिली होती. पावसात भिजलेल्या विद्यार्थ्याला स्वतःची छत्री देणारे गुरुजी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकोला जिल्ह्यात पाच छत्र्या वाटल्या गेल्या.

दुपारी दह्यातला गिला वडा खाताना अनिकेत म्हणाला, "सर, तुमच्याकडं पाऊस कमी म्हणतात."

मी वडा खात राहिलो.

जेवणानंतर पहिलं नाव पुकारलं गेलं, प्रणिता इंगळे, मूर्तिजापूर. मी मान वर केली. या मुलीला मी ओळखत होतो. माझ्या वर्गात ती तीन दिवस आली होती. तिसऱ्या दिवशी छत्रीची गोष्ट ऐकून तिनं हात वर केला होता.

"सर, माह्या आयुष्यात असा शिक्षक आलाच नाही. मंग काय सांगू?"

वर्ग हसला. मला ते हसू बोचलं. "नसेल आला तर आणा," मी म्हणालो. "मुलाखत आहे, कोर्टातली साक्ष नाही."

चौथ्या दिवसापासून ती आली नाही. मी बाकीच्यांना सांगितलं होतं, "ही काही निघत नाही." शिक्षकाच्या तोंडून अशी वाक्यं फार सहज बाहेर पडतात. मी तर पेन्शन घेऊनही सोडली नव्हती.

मी अनिकेतच्या कानाला लागलो, "हीसुद्धा माझ्याकडे येत होती. तीन दिवस. गुण देत नाही."

"म्हणजे दहा झाले," तो म्हणाला.

प्रणितानं डेमो सुरू केला. मूर्तिजापूरजवळच्या एका शाळेत ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यांपुरते तुम्ही शिक्षक. हॉलमधला कूलर खडखडत होता. आधीच्या उमेदवारांनी त्याच्या वर आवाज चढवला होता. तिनं आधी जाऊन कूलर बंद केला. आम्हाला घाम फुटला, पण ऐकू यायला लागलं.

तिनं गणित घातलं. मी माझी ठरलेली चूक केली. "दोन छेद पाच."

मी वाट पाहत होतो. टकटक नाही. ती माझ्या बाकापाशी आली.

"कसं काढलं ते सांग बरं."

मी सांगितलं. वर मिळवलं, खाली मिळवलं.

तिनं तिच्या अर्जाच्या झेरॉक्समधून एक लांब पट्टी फाडली आणि माझ्या हातात दिली. "अर्धी कर."

मी घडी घातली.

"ही अर्धी तुही. आता या अर्ध्यात मी तुले अजून थोडी देऊन राहिली. तुह्याजवळची वाढंन का कमी होईन?"

"वाढंन."

"बरं. आता पट्टीचे पाच सारखे तुकडे केले अन् त्यातले दोन घेतले. ते अर्ध्याहून जास्त का कमी?"

मी विचार करायला लागलो. खरंच करायला लागलो. पाचाचे अर्धे अडीच. दोन म्हणजे कमी.

"कमी," मी म्हणालो.

"मंग? अर्ध्यात अजून घातलं अन् अर्ध्याहून कमी झालं. मधातलं कोणी खाल्लं?"

अनिकेत खिडकीबाहेर बघायचं विसरला. मी आयुष्यभर अपूर्णांक शिकवले, अपूर्णांक कसे शिकवावेत हेही शिकवलं. पण मुलाचं उत्तर खोडायच्या आधी ते त्यालाच तपासायला लावायचं, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी लगेच लाल पेन काढायचो.

मग मला काय झालं कोण जाणे. पॅनलच्या कागदावर नसलेला प्रश्न मी विचारला.

"मॅडम, गुणाकारात तं वरचं वर, खालचं खाली चालते. मंग बेरजेत काहून नाही चालत?"

ती उभी राहिली. फळ्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. तिच्या कपाळावर घाम आला. मला माझी लाज वाटायला लागली.

"मले आत्ता नीट सांगता येत नाही," ती म्हणाली. "पाठ केलेलं सांगता येईन, पण त्यानं तुले समजणार नाही. उद्या सांगीन."

घंटा वाजली. पाठ अर्धाच झाला होता.

करंदीकर मॅडमनी चष्मा काढला. "तुमचा पाठ पूर्ण झाला नाही."

"हो मॅडम. राहिला."

"पुन्हा संधी दिली तर?"

"बहुतेक पुन्हा राहीन. त्या पोरानं पुन्हा तेच विचारलं तर."

"शिक्षक का व्हावंसं वाटलं?"

मी श्वास रोखला. छत्री?

"मी दोन वर्षांपासून शिकवूनच राहिली मॅडम. पण माहं कुठं चुकते, हे मले तिथं कोणी सांगत नाही. इथं शिकवणाऱ्यालेही शिकवतात म्हणे. म्हणून आली."

ती गेल्यावर चर्चा झाली. गुण द्यायला रुब्रिक असतं, म्हणजे कशाला किती गुण याचा छापील तक्ता. त्यात 'पाठाचा हेतू साध्य' आणि 'वेळेचं नियोजन' अशा दोन ओळी होत्या. करंदीकर मॅडमनी दोन्हीकडे भोपळा ठेवला होता. "शिवाय भाषा," त्या म्हणाल्या. अनिकेतनं भरभरून गुण दिले होते. दोघांच्या गुणांतली वजाबाकी फार मोठी होती आणि तिसरा कागद, माझा, कोरा.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही गुण देऊ शकत नाही, मान्य. पण सकाळपासून तुम्ही त्या बाकावर बसलायत. विद्यार्थी म्हणून सांगा, कोणाच्या तासाला तुम्हाला काही समजलं?"

खरं सांगितलं तर माझ्या नऊ पोरांची वाट लागणार होती. त्यातल्या दोघांची वयोमर्यादा त्याच वर्षी संपत होती. त्यांचे आईवडील मला रस्त्यात नमस्कार करायचे.

"एकीच्याच," मी म्हणालो. "आणि मॅडम, ती टकटक आणि त्या छत्र्या माझ्या आहेत. पोरांचा दोष नाही. त्यांनी सांगितल्यासारखं केलं."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी आपला कागद पुन्हा पुढे ओढला. भाषेबद्दलचा शेरा खोडला, हेतूपुढचा भोपळा खोडून तिथं गुण लिहिले. वेळेचा भोपळा मात्र तसाच ठेवला. "वेळ चुकली ती चुकलीच," त्या म्हणाल्या. मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला प्रणिताचा फोन आला. निकाल लागायचा होता, म्हणून मी जरा ताठरपणे बोललो. "निकालाबद्दल मी काही सांगू शकत नाही."

"निकालाचं नाही विचारत सर. त्या पोराले सांगायचं राहिलं होतं."

आणि तिनं सांगितलं. बेरजेत आपण तुकडे मोजतो, म्हणून ते एका मापाचे लागतात. अर्धा अन् तिसरा हिस्सा वेगवेगळ्या मापाचे, ते एकत्र मोजायचे कसे? गुणाकारात आपण मोजत नाही, तुकड्याचाच तुकडा करतो, म्हणून तिथं माप जुळवावं लागत नाही.

"समजलं का?" तिनं विचारलं.

"समजलं मॅडम," मी म्हणालो.

प्रणिताची निवड झाली. माझ्या नऊ जणांतला एक प्रतीक्षा यादीत लागला, बाकीचे घरी आले. माझा वर्ग बंद पडणार, असं मी धरून चाललो होतो. झालं उलटंच. प्रणिता माझ्याकडे तीन दिवस येत होती, एवढीच बातमी अकोल्यात पोचली. लोक येऊन विचारू लागले, "सर, तुमची ती तीन दिवसांची बॅच कधी सुरू होते?"

यंदा मी छत्री काढून टाकली. टकटक बंद केली. पहिल्याच दिवशी मुलांना प्रणिताची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगा.

तास संपल्यावर पातूरहून येणारी एक मुलगी वही उघडून माझ्यापाशी आली.

"सर, ते 'मले आत्ता सांगता येत नाही' डेमोत साधारण कितव्या मिनिटाले म्हणायचं?"

"खरंच येत नसेल तेव्हा," मी म्हणालो.

तिनं ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.