चिंचेनं घासलेला आरसा

लोक जर्मनीत येऊन काय काय करतात. मी न्युरेम्बर्गला येऊन सहा महिने एक आरसा खराब करत होते. पीएचडीसाठी. जुने चिनी आरसे ब्राँझचे असत. पुढून घोटून गुळगुळीत, पाठीवर मात्र गच्च नक्षी: सिंह म्हणावेत तर सिंह नव्हेत असे प्राणी, शेपटीतून वेल फुटलेले पक्षी, आणि मधोमध, दोरी ओवायला पोटात भोक असलेलं, एक दबा धरून बसलेलं जनावर. मातीत राहून ते हिरवे पडतात. तो हिरवा थर कसा चढतो हे पाहायला मी तसाच एक आरसा ओतवून घेतला आणि खारट वाफेच्या पेटीत ठेवला.

थर छान चढला. सोमवारी तो इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्यांपुढे मांडायचा होता, म्हणून उन्हात फोटो काढायला शनिवारी घरी आणला, कुणालाही न विचारता. रविवारी माझ्या गाईडबाई जेवायला येणार होत्या. इकडे त्यांना ‘डॉक्टरमुटर’ म्हणतात, म्हणजे पीएचडीपुरती आई. पुण्याहून आलेली माझी खरी आई त्यामुळे शुक्रवारपासूनच ईर्षेला पेटली होती.

रविवारी इकडे दुकानं बंद, उघडी फक्त स्टेशनवरची, म्हणून दही आणायला मी तिकडे गेले. परत आले तर बाल्कनीत समई, तांब्या आणि माझा आरसा ओळीनं वाळत होते. तिन्ही लखलखीत.

“केवढं शेवाळ चढलं होतं गं त्याला,” आई म्हणाली. “पाहुणे यायचे आणि घरात असं भांडं? चिंच-मिठानं पुरतं निघेना, मग रांगोळी लावून घासलं. आता बघ, त्यावरचे प्राणी देवळातल्या व्याळांसारखे दिसतायत की नाही.”

“आई, ते शेवाळ म्हणजे माझी पीएचडी होती.”

“मग सांगायचं नाही का?”

मी तोंडाला येईल ते बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि आत जाऊन आमटीला फोडणी दिली. ती अशी कामाला लागली की मला आणखीच राग येतो, कारण चूक माझी आहे हे तेव्हाच कळतं.

बाई एकच्या ठोक्याला आल्या. मी दारातच आरसा पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. मागून आई हात पुसत आली आणि इंग्रजीत म्हणाली, “मी घासला. तिला रागावू नका.”

“आल्झो,” म्हणजे ‘असं तर’, म्हणत बाईंनी आरसा हातात घेतला. सवयीनं त्यांनी नक्षी वर धरली होती. मग आरसा उलटा केला, त्यात पाहिलं आणि केस कानामागे सारले.

“इतकी वर्षं मी यांच्या पाठी तपासतेय,” त्या म्हणाल्या. “तोंड पाहायचं राहूनच गेलं.”

सहा महिने गेले ते गेलेच. नवा आरसा ओतायचा आणि घरी न्यायचा नाही, हे त्यांनी तिथेच बजावलं. मग आरसा माझ्यासमोर धरला. आत नाक फुगवून उभी होती ती थेट आईच. मला हसू आवरेना. आईला म्हटलं, “चुकलं माझं.”

“आधी जेवून घे,” ती म्हणाली.

सोमवारी मी तो लखलखीत आरसाच सगळ्यांपुढे ठेवला. एकेकानं हातात घेऊन आधी आपलं तोंड पाहिलं, प्राण्यांकडे नंतर वळले. पहिला प्रश्न आला, चिंच किती वेळ भिजवायची. मी आईला फोन लावला.