समुद्र नसलेल्या गावातला पाणबुड्या

पाण्यात पडलेली वस्तू परत मिळतेच, असं मानणारा माणूस अख्ख्या इंदूरमध्ये एकच होता, आणि तो नेमका माझा मामेभाऊ होता. समुद्र आमच्यापासून रात्रभराच्या गाडीवर. तरी बाविसाव्या वर्षी या पठ्ठ्याने दारावर जहाज आणि नांगर रंगवलेली पाटी ठोकली : 'पाण्यात पडलेले सर्व काही काढून मिळेल.' मामा कामाला होते ती कापडमिल तेव्हा नुकतीच बंद पडली होती. साच्यांवर, म्हणजे मिलच्या मागांवर, हयात गेलेला माणूस अजूनही भोंग्याच्या वेळेला उठायचा, आंघोळ करायचा आणि जायला जागा नाही म्हणून ओसरीवर बसायचा. मुलाने पीथमपूरच्या एखाद्या कारखान्यात चिकटावं, एवढीच त्यांची इच्छा. पाटी वाचून ते म्हणाले, "जिथे पायच टेकत नाहीत, तो काय धंदा!" आणि मुलाशी बोलणंच टाकलं.

चिरंजीव मात्र दम वाढवण्यात गुंग. पोह्यांच्या दुकानात, खजरान्याच्या गणपतीच्या रांगेत, जिथे सापडेल तिथे श्वास रोखून उभा. अंतरसुद्धा तो दमात मोजायचा. "तुझं घर तर दीड दमावर आहे, भिया!" एका लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत श्वास घ्यायचा नाही असा पण त्याने केला. वराच्या आत्याबाईंनी आयत्या वेळी स्वतः रचलेली चार कडवी काढली, आणि नवरीच्या गळ्यात हार पडायच्या आत याच्या नाकाला कांदा लावावा लागला. वस्तू शोधायची रीतही जगावेगळी. हातोदच्या एका काकूंची मोत्याची कुडी विहिरीत पडली, तर याने दुसरीही मागितली. "काकूजी, ही पण तिथूनच टाका. पहिली कुठे गेली ते हीच सांगेल ना!" काकू त्यालाच ढकलायच्या बेतात होत्या. शेवटी काकांच्या सदऱ्याचं बटण टाकून काम भागवलं. कुडी निघाली, बटण अजून तिथेच आहे.

मग सांवेरहून बोलावणं आलं. एका शेतकऱ्याची पाण्याची मोटर विहिरीत पडली होती आणि गहू पाण्यावाचून उभा होता. दोर धरायला नेहमी मी एकटा असे, पण मोटर वजनदार. मामींनी कशी गळ घातली कोण जाणे, मामा आले. बसमध्ये मात्र मुलाकडे पाठ करून बसले. विहिरीवर भावाने कमरेला दोर बांधला, मला बजावलं, "तीन झटके दिले की खेचायचं," आणि उडी मारली.

बराच वेळ काही नाही. मग तीन झटके आले. आम्ही खेचू लागलो, तर दोर हलेना. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "हा जड का लागतोय रे? हातपाय का हलवत नाही?" म्हणत त्यांनी पाय कठड्याला लावले आणि असा दोर ओढला की तळहात सोलून निघाले. वर आली ती मोटर. दोर तिच्याभोवती छान आवळून बांधलेला, आणि माणसाचा पत्ता नाही. मामा मटकन खाली बसले. मी कठड्यावरून आत वाकलो. तेवढ्यात आम्ही उभे होतो त्याच्याच खालच्या कोनाड्यातून आवाज आला, "बाबा, दोर तर एकच होता ना! म्हटलं, आधी मशीन जाऊ दे, आदमी नंतर येईल."

तो पायऱ्या चढून वर आल्यावर मामांनी आधी एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग त्याला ओलाचिंब छातीशी धरलं. "आधी मशीन, मग आदमी? गधड्या, मिलमध्ये आमचं दुसरं काय झालं रे? मशीनचं आधी पाहिलं, आदमी राहूनच गेला!" म्हणत ते रडत होते. खोटं कशाला सांगू, मीही रडलो. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या विहिरीवर कळलं.

दुसऱ्याच दिवशी मामांनी दोन दोर आणले. काळा मशीनचा, पांढरा माणसाचा. पांढरा मामांशिवाय दुसऱ्या कुणी धरायचा नाही. मामी पुन्हा भोंग्याच्या वेळेला डबा भरू लागल्या.

पुढे गावोगाव बोअर झाल्या, विहिरी आटल्या, धंदा आपोआप थांबला. मामाही गेले. भावाचं आता पंपांचं आणि दोरखंडांचं दुकान आहे. गल्ल्यामागे खिळ्याला तो पांढरा दोर टांगलेला असतो. एखादं गिऱ्हाईक नेमकं त्यालाच हात लावतं. भाऊ घाईने उठतो आणि म्हणतो, "तो नाही, भिया. त्याच्यावर बाबांची ड्यूटी आहे."