सायकलच्या कपड्यांचे सात जोड

माझ्याकडे सायकल चालवायच्या कपड्यांचे सात जोड आहेत. अंगाला चिकटून बसणारे सात टीशर्ट आणि बुडाशी गादी शिवलेल्या सात काळ्या चड्ड्या. मी काही शर्यतीतला माणूस नाही. अकोल्यापासून अकरा किलोमीटरवरच्या एका गावातल्या आरोग्य केंद्रात गोळ्या वाटणारा, पन्नाशीला टेकलेला फार्मासिस्ट आहे. पोट सुटलेलं आहे. त्या टीशर्टात मी कसा दिसतो हे मला ठाऊक आहे, तरी रस्त्यावरच्या लोकांना ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. "काय साहेब, सर्कशीत लागले काय?" हे मी जवळजवळ रोज ऐकतो. ज्यांना सर्कस सुचत नाही ते म्हणतात, शौकीन माणूस आहे. त्यांना काय सांगू? सातातले तीन जोड मी वापरायला घेतले. उरलेले चार एक खोटं निभवायला घेतले.

सायकल मी हौसेनं धरली नाही. मागच्या उन्हाळ्यात मी आणि बायको मोटारसायकलवरून अंजनगाव सुर्जीला, तिच्या माहेरच्या एका लग्नाला निघालो होतो. बायको ब्लाऊज शिवते. आमच्या भागात तिच्याकडे कापड टाकायचं तर नंबर लावावा लागे. त्या दिवशी नवरीचे शिवलेले ब्लाऊज तिच्या मांडीवरच्या पिशवीत होते आणि तिचे दोन्ही हात पिशवीवर होते. ती मला म्हणाली होती, "सावकाश चालवा, मी धरून नाही." मी हो म्हणालो आणि उशीर झाला म्हणून दामटली. एका गावाबाहेर नवा ब्रेकर केला होता, त्यावर पांढरे पट्टे अजून मारायचे होते. मला दिसला नाही. मला थोडं खरचटलं. ती उजव्या कोपरावर पडली. पिशवी तिनं सोडली नव्हती. ब्लाऊज जसेच्या तसे होते, कोणीतरी ते लग्नघरी पोचतेही केले.

हाड जुळलं. पण कोपराजवळची नस दुखावली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ही दोन्ही आत वाकलेली राहिली, आणि मुठीतला जोर गेला. डॉक्टर म्हणाले, नस फार सावकाश सुधारते, कधी पूर्ण येते, कधी नाही येत, वाट पाहावी लागेल. मी रोज खिडकीतून शंभर लोकांना सांगतो, ही सकाळी, ही रात्री, जेवल्यावर घ्या. घरी आल्यावर माझ्याकडे द्यायला एक गोळी नव्हती.

त्यानंतर मोटारसायकलची किल्ली हातात घेतली की मी ती परत खिळ्याला अडकवायचो. मी सायकल घेतली. तब्येतीसाठी घेतली असं सगळ्यांना सांगितलं. पहिला आठवडा ऑफिसच्या पँटवरच गेलो. पँटच्या पायाला चेनचं ग्रीस लागलं, मांड्या सोलवटल्या, आणि शुक्रवारी मी काउंटरमागे पाय फाकवून उभा होतो. आमच्या केंद्रातली तरुण डॉक्टरीण हसू दाबत म्हणाली, "काका, त्याचे वेगळे कपडे मिळतात."

असे तीन जोड आले. एक अंगावर, एक दोरीवर, एक घडी करून कपाटात. बदलायचे शर्ट-पँट मी सोमवारी बॅगेत भरून नेत असे आणि ते केंद्रातल्या कपाटात राहात. घामाचे कपडे तिथंच धुऊन टाकावेत असं आधी वाटलं होतं, पण ते गाव खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या हापशाच्या पाण्यात धुतलेला टीशर्ट पापडासारखा ताठ झाला आणि काखेत पांढऱ्या रेघा उमटल्या. तेव्हा कपडे घरीच आणायचे. घरी नळ पाचव्या दिवशी येतो. ड्रमातलं पाणी पुरवून वापरावं लागतं, म्हणून धुण्याचं मशीन फक्त नळाच्या दिवशी लावायचं आणि रोजचा जोड अर्ध्या बादलीत हातानं धुवायचा. तो मीच धूत असे. खळबळून काढायचा, पिळायचा, मागच्या पत्र्याखालच्या दोरीवर टाकायचा. पाच मिनिटांचं काम.

पावसाळा लागता लागता हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बायकोला सांगितलं, घरात ओलं कापड पिळत जा, रोज थोडं थोडं. तिनं टॉवेल घेऊन पाहिला. टॉवेल तिच्या हातात नुसता फिरला, थेंबही सुटला नाही. मी बघतोय हे तिला कळलं तशी ती माझ्याकडे वळली.

"माह्याच्यानं टॉवेल नाई पिळल्या जात. तुमचे सायकलचे कपडे द्या इकडे. ते हलके हायेत."

"अवं, राहू दे, मी टाकतो धुऊन."

"व्यायाम तुमाले सांगतला का मले?"

तेव्हापासून माझे कपडे तिच्याकडे गेले. संध्याकाळी मी आलो की ती मोरीत पाटावर बसून ते धुवायची. टीशर्ट बरा होता, तो अंगचाच पाणी सोडतो. पण चड्डीची गादी पाणी धरून ठेवते. ती डाव्या हातानं एक टोक धरायची, उजव्या हाताच्या तीन बोटांनी दुसरं, ओठ आवळून पीळ द्यायची. मग दोरीवर टाकून, मोठं काम झाल्यासारखा श्वास सोडून आत जायची. मी दोरीखाली पाहायचो. फरशीवर पाणी साचलेलं असायचं. हात किती आला ते मला त्या थारोळ्यात दिसायचं आणि रोज तेवढंच दिसायचं.

उन्हाळ्यात आमच्याकडे कापड न पिळता टाकलं तरी तासाभरात वाळतं. पावसाळ्यात तसं चालत नाही. तिसऱ्या दिवशीही गादी ओली राहू लागली. कपाटातला जोड संपला, दोरीवरचे दोन ओले. तेव्हा सरळ सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर दुकानात जाऊन तसाच चौथा जोड आणला. तोच रंग, तोच आकार, तिला फरक कळू नये म्हणून. मग पाचवा. श्रावणात सलग झड लागली तेव्हा सहावा आणि सातवा. ओले मी बॅगेत घालून केंद्रात नेत असे आणि औषधांच्या खोलीत पंख्याखाली वाळवत असे. ती म्हणायची, "पावसातबी वाळून राहिले तुमचे कपडे." मी म्हणायचो, हो ना.

पोळ्याच्या सुमारास मी त्याहून पुढं गेलो. ती कपडे टाकून कुकर लावायला आत गेली की मी मागं जायचो, चड्डी दोरीवरून काढायचो आणि पुन्हा पिळायचो. माझ्या हातात भरपूर जोर आहे. पाणी सरसर मोरीत जायचं. मग चड्डी होती तशीच, तिनं टाकली होती त्याच जागी टाकायची. दोन मिनिटं लागत. मला त्यात वाईट काही दिसलं नाही. उलट दिवसभरात मला काही जमतंय असं वाटणारी तेवढी दोनच मिनिटं होती. थारोळं मी एकदम नाहीसं केलं नाही. हळूहळू लहान करत नेलं, खऱ्यासारखं दिसावं म्हणून. एवढी अक्कल मला कुठून सुचली देव जाणे.

ती खुलली. सकाळी चहा घेऊन दोरीपाशी जायची, गादी दाबून पाहायची आणि फरशीकडे बघायची. एकदा माहेरी फोनवर बोलताना ऐकलं, "आता पीळ बसून राहिला वो आई. बोटं वाकडीच हायेत, पण जोर येऊन राहिला." मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. त्याच वेळी उठून सांगावं असं वाटलं. नाही उठलो.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली. समोरच्या घरातल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिची आई बायकोकडे येऊन बसली. नवऱ्या मुलीला ब्लाऊज तिच्याच हातचा हवा होता. बायकोनं आधी नाही म्हटलं. मग मला विचारलं, "घेऊ का? तुमी पाहून राहिले ना, हात सुधरला माह्या." मी तिच्याकडे पाहिलं. एवढी उमेद तिच्या तोंडावर कित्येक महिन्यांत दिसली नव्हती. मी म्हणालो, "घे."

कापड साडीतूनच निघालेलं होतं, जरीच्या काठाचं. तसं दुसरं मिळणार नव्हतं. रविवारी दुपारी तिनं जमिनीवर चादर अंथरली, खडूनं आखलं आणि मोठी कात्री घेतली. मी पेपर समोर धरून बसलो होतो, वाचत नव्हतो. पहिली बाही नीट कापली गेली. पाठीचा भाग कापताना कात्री अर्ध्यावर अडली. तिनं जोर लावला तसं पातं तिरकं सरकलं आणि खांद्यापासून काठापर्यंत कापड चिरत गेलं. ती ओरडली वगैरे नाही. कात्री तिच्या हातातून गळून चादरीवर पडली.

समोरच्या बाईंना बोलावलं. त्या भल्या. "जाऊ द्या वैनी, होते असं," म्हणाल्या आणि तुकडे घेऊन गेल्या. नवरीनं दुसऱ्या रंगाचा ब्लाऊज घातला असं पुढं कळलं. पण त्या दुपारी बाई गेल्यावर बायको तिथंच चादरीवर बसून राहिली, हात मांडीवर उताणा ठेवून.

"हात तर सुधरून राहिला होता," ती म्हणाली. "मंग कात्री कावून अशी गेली?"

मी पेपर बाजूला ठेवला. काहीतरी बनवून सांगता आलं असतं. कात्रीला धार नव्हती म्हणता आलं असतं. पण ती स्वतःच्या हाताकडे असं पाहत होती की पुढचं खोटं माझ्या तोंडून निघेना.

"पीळ मी देत होतो," मी म्हणालो. "तू आत गेली का, मी काढून पिळत होतो."

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

"त्याच्या आंधी वाळत होते ते?"

"ते वाळत नोते. नवे आणले. चार जोड नवे हायेत."

ती उठली, कपाटापाशी गेली आणि मी मागं दडवलेल्यांसकट सगळ्या चड्ड्या काढून पलंगावर मांडल्या. एकावर एक, सारख्या, काळ्या. अंगावरचे कपडेही जपून वापरणारी बाई, तिनं त्या ढिगाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"ब्रेकर तुमाले दिसला नोता," ती म्हणाली. "हे तर तुमी डोये उघडे ठेवून केलं."

पडल्यापासून तिनं मला एकदाही दोष दिला नव्हता. दवाखान्यात नाही, प्लास्टर असताना नाही, जेवताना डाव्या हातानं घास सांडला तेव्हाही नाही. मी त्याची वाट पाहात होतो. तिनं बोलावं, मोकळं व्हावं असं मला वाटायचं. आणि ती बोलली ती या गोष्टीसाठी. मी म्हणालो, "तुले बरं वाटावं म्हणून." ती म्हणाली, "मले बरं नोतं वाटाले पायजे. मले बरं व्हायचं होतं."

मी त्या चड्ड्या घडी करून परत कपाटात ठेवल्या.

मला वाटलं, आता ती माझे कपडे धुणार नाही. सोमवारी संध्याकाळी आलो तर मोरीत अर्धी बादली भरून ठेवलेली होती. "द्या इकडे," ती म्हणाली. धुतले, पिळले, दोरीवर टाकले. मग तिनं स्वयंपाकघरातून एक लहान गंज आणला, दूध तापवायचं उभट पातेलं, आणि तो चड्डीच्या बरोबर खाली फरशीवर ठेवला. म्हणजे पाणी पसरणार नाही, वाहून जाणार नाही, जेवढं आहे तेवढं गंजात राहील. आणि मला म्हणाली, "याले हात लावसान तर पाहा." आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन आलो. ते म्हणाले, अजून काही महिने पाहू. तेव्हा आम्ही पाहतो आहोत. थंडीत पत्र्याखाली ऊन पोचत नाही, म्हणून सातही जोड आता फिरतात. एक अंगावर, चार दोरीवर वेगवेगळ्या ओलीचे, दोन घडी करून. कधी वाळलेला जोड नसतो, तेव्हा ओलसर गादीवर बसून मी अकरा किलोमीटर जातो आणि काउंटरमागे पुन्हा पाय फाकवून उभा राहतो. डॉक्टरीण आता हसत नाही.

रोज सकाळी ती गंज उचलते. आत पाहते, किंचित तिरपा धरते, पाणी कुठपर्यंत चढतं ते पाहते. मग ते फ्लशच्या बादलीत ओतते आणि चहा ठेवायला जाते. काय दिसलं ते मला सांगत नाही आणि मी विचारत नाही. विचारायचा हक्क मी घालवून बसलो आहे. तरी दारातून मला दिसतंच. आज पाणी कालच्याएवढंच होतं. काल परवाएवढं होतं.

संध्याकाळी ती कपडे टाकून आत गेली की मी मागच्या दारात उभा राहतो. चड्डीतून पाणी गळत असतं, गंजात थेंब वाजत असतो. दोरी माझ्यापासून दोन पावलांवर आहे. माझे दोन्ही हात धड आहेत. मी ते मागं बांधून उभा राहतो आणि आतून कुकरची शिट्टी होईपर्यंत ऐकतो.