मुद्दाम चुकवलेली चाचणी

माझ्या धाकट्या भावाने ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा तो जेवायला बसला होता आणि त्याचं अर्धं लक्ष वांग्याच्या भाजीत होतं. परदेशातल्या क्लबातून सुट्टीवर आला की पहिला आठवडा तो नुसता खातो. बाबा समोर बसून त्याला खाताना बघतात.

"सीझन सुरू व्हायच्या आधी ते लोक डोक्याची टेस्ट घेतात," तो म्हणाला. "कम्प्युटरवर शब्द दाखवतात अन् थोड्या वेळानं विचारतात, कोणते होते. आकडे उलटे म्हणायले लावतात. मंग सीझनमध्ये कोणाच्या डोक्याले मार बसला तर तीच टेस्ट पुन्हा. पहिल्यापेक्षा मार्क कमी आले तर बसा बाहेर."

"मंग?" बाबांनी विचारलं.

"मंग काय! टीममधले सिनियर सांगूनच ठेवतात, पहिली टेस्ट मुद्दाम चुकवायची. मी तर अशी चुकवली का डॉक्टर माह्याकडे पाहतच राहिला. आता डोकं कितीही आपटू दे, तेवढे मार्क तर येणारच."

बाबा ठसका लागेपर्यंत हसले. मी चिडले. पण मी दुधावरून, पंख्यावरून आणि शेजाऱ्यांच्या स्कूटरवरूनही चिडते, त्यामुळे माझ्या चिडण्याला आमच्या घरात काडीची किंमत नाही. "झालं ताईचं सुरू," असं म्हणून त्याने आणखी एक पोळी घेतली.

आम्ही खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलो. बाबा तिथे कंट्रोल रूममध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलनीजवळच घर बांधलं. आई गेल्यापासून त्या घरात आम्ही दोघंच, आणि मी रोज बसने शहरात, सदर भागातल्या ऑफिसात जाते. भाऊ कॉलनीच्या मैदानावर खेळायचा तेव्हा संध्याकाळी घरी येताना त्याचे पाय गुडघ्यापर्यंत केंद्रातून उडणाऱ्या राखेने करडे झालेले असायचे. पुढे तो शेअर ऑटोने कामठीला सरावाला जाऊ लागला, कारण फुटबॉलचं खरं वेड तिकडे. तिथून बाहेरच्या राज्यातले क्लब, आणि मग हा थंड देश, ज्याची लिपी बाबांना अजून वाचता येत नाही. मोठा क्लब नव्हे, दुसऱ्या फळीतला. पण आमच्या गल्लीत त्याच्याआधी फुटबॉलच्या जोरावर कोणी परदेशी गेलं नव्हतं, आणि बाबांची मान त्यामुळे जी ताठ झाली ती अजून खाली आलेली नाही.

तो मिडफिल्डर आहे. मैदानाच्या मधोमध राहायचं, मागच्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. बाबांना हे काम कधीच पटलं नाही. "गोल काहून नाही मारत गा तू?" असं ते त्याला दर सुट्टीत विचारतात. मला मात्र त्याचा खेळ कळायला लागला होता. चेंडू पायाशी यायच्या आधीच तो एकदा या खांद्यावरून आणि एकदा त्या खांद्यावरून मागे बघून घ्यायचा, कामठी रोड ओलांडणाऱ्या बाईसारखा. फोनच्या इवल्याशा पडद्यावर मी त्याला त्या मानेवरूनच ओळखायचे.

त्या हिवाळ्यात एका सामन्यात तो हेडरसाठी उडाला आणि समोरच्याचं कपाळ त्याच्या कानाच्या वर येऊन आदळलं. खाली पडताना त्याने हात टेकले नाहीत. माणूस अडखळून पडला तरी हात पुढे करतो, आणि हा पोत्यासारखा पडला. थोड्या वेळाने तो उठला, डॉक्टरकडे बघून हसला आणि चालत बाहेर गेला.

पुढच्या सामन्यात तो पुन्हा मैदानावर होता. "टेस्ट पास!" फोनवर तो खुशीत ओरडला. "सांगतलं होतं ना तुमाले!"

"मशीननं पास केलं ना," बाबा मला म्हणाले. "मंग कायले तोंड पाडून बसली वं तू?"

तोंड पाडायचं कारण मी त्यांना दाखवत होते, पण ते बघायला तयार नव्हते. भावाची मान वळणं कमी झालं होतं. चेंडू मिळाला की मागे उभा असलेला माणूस त्याला एकदम दिसायचा आणि तो दचकायचा. बाबा म्हणाले, थंडी आहे, अंग आखडत असेल. व्हिडिओ कॉलवर त्याची खोली काळोखी असायची. "उजेड खुपून राहिला डोळ्याले," तो म्हणायचा. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीतच झालं होतं, तरी तो दर फोनला विचारायचा, "ऑपरेशन कधी करून राहिले?" बाबा दर वेळी नव्याने सांगायचे, आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघायचं टाळायचे.

मग त्याला आणखी एक धक्का बसला, पहिल्याच्या मानाने साधा. त्यानंतरची टेस्टही तो पास झाला.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, डॉक्टरला खरं सांग. पहिली टेस्ट मुद्दाम बिघडवली होती म्हणून सांग.

"अन् मंग?" तो म्हणाला. "उन्हाळ्यात करार संपून राहिला. डोक्याचा पेशंट म्हटल्यावर कोण घेईन मले? अन् बाकीच्यायचंही बाहेर येईन. हे पाह्य ताई, तू कोणाले बोलली तर मी तुले जन्मात फोन करणार नाही."

तो शब्दाचा पक्का आहे. लहानपणी मी त्याचा पतंग फाडला तेव्हा तो संक्रांतीपासून होळीपर्यंत माझ्याशी बोलला नव्हता. आई नसलेल्या घरात त्याचा फोन येणं बंद झालं तर काय उरेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी गप्प बसले. पण गप्प बसणं मला मानवत नाही. दोन घास खाल्ले की तोच विषय.

"बाबा," मी एकदा विचारलं, "मीटरच आधी चुकीचा लावून ठेवला, तर त्याच्यावर भरोसा ठेवाल का तुम्ही?"

त्यांनी पेपरची घडी केली. म्हणाले, "एवढ्या दूर पोचला पोट्टा. अर्ध्यातून वापस बोलावू का त्याले?" मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली, दोन्ही एकाच वेळी.

एका रविवारी संध्याकाळी मी फोन स्पीकरवर ठेवला. बाबा आरामखुर्चीत होते. मी भावाला म्हणाले, चल, तुझी टेस्ट मी घेते. शब्द ऐक: सांबार, खिडकी, चप्पल, पोळा, तवा. तो हसला. मग आम्ही इकडचं तिकडचं बोललो, कोणाचं लग्न ठरलं, कोणाची बदली झाली. आणि मी म्हणाले, सांग आता.

"चप्पल," तो म्हणाला. "तवा." नंतर मोठ्याने हसला. "मुद्दाम चुकवलं वं ताई! आदत आहे माही."

बाबाही हसले. हायसं वाटल्यासारखे हसले.

"बरं," मी म्हणाले, "आता खरं सांग. उरलेले कोणते?"

एरवी या ठिकाणी तो माझ्यावर खेकसला असता. तो खेकसला नाही. अगदी हळू म्हणाला, "मलेच समजून नाही राहिलं ताई, मी चुकवलं का चुकलं."

बाबांचं हसू जिथल्या तिथे थांबलं. मी आवाज शक्य तितका साधा ठेवून त्याला म्हणाले, उद्या सकाळी सरावाच्या आधी डॉक्टरकडे जा आणि पहिल्या टेस्टचं सगळं सांगून टाक. तो हो म्हणाला. वाद घातला नाही, कराराचं नाव काढलं नाही. माझी शपथ घेऊन म्हणाला, सांगतो.

सोमवारी ऑफिसातून येताना मी बसमध्ये तयारी करत होते. तो म्हणेल, डॉक्टर भेटले नाहीत. म्हणेल, सांगितलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. नाहीतर सरळ अंगावर येईल. प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर तयार होतं. घरी आले, हातपाय धुतले आणि बाबांच्या शेजारी बसून फोन लावला.

"सांगतलं का रे?"

"कोणाले?"

"डॉक्टरले."

"काय सांगायचं होतं वं?" त्याने विचारलं. खोडी नव्हती, टाळाटाळ नव्हती. भाजीला काय आणू, असं विचारावं तसं त्याने विचारलं.

माझं एकही उत्तर कामाचं राहिलं नाही. "काही नाही," मी म्हणाले. "जेवला का तू?" त्याने काय खाल्लं ते सांगितलं, शनिवारच्या सामन्यात सुरुवातीपासून खेळणार असल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.

क्लबच्या ऑफिसचा नंबर माझ्याकडे कधीपासून होता. मी फोन हातात धरून बसले होते आणि बाबा आता काहीतरी बोलतील, थांब म्हणतील, याची वाट बघत होते. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला आणि पुन्हा घातला. मग खुर्ची ओढत माझ्या अगदी जवळ आणली.

"लाव फोन," ते म्हणाले. "मले इंग्लिश जमत नाही. तू बोल. पण मी बसतो इथं."